न आलेले वादळ आणि कुलाब्याच्या वह्या

6 जून 1882 रोजी मुंबईवर प्रचंड चक्रीवादळ आले, समुद्र शहरात शिरला आणि एक लाख माणसे मेली, असे जगातल्या सर्वांत भीषण चक्रीवादळांच्या अनेक याद्यांमध्ये छापलेले सापडते. संदर्भग्रंथांत आहे, सरकारी अहवालांत आहे, वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत तर हमखास आहे. हे वादळ आलेच नव्हते.

ते आले नव्हते हे सिद्ध करायला फार मोठी विद्वत्ताही लागत नाही. 1881 च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या 7,73,196 होती. एक लाख माणसे मेली असती तर शहरातला दर आठवा माणूस गेला असता. प्रत्येक आळीत, प्रत्येक चाळीत तेरावे झाले असते. 1891 च्या शिरगणतीत मात्र लोकसंख्या 8,21,764 भरली आणि मधल्या दहा वर्षांत एवढ्या मोठ्या संहाराचा मागमूस नाही. त्या काळच्या वर्तमानपत्रांतही या वादळाची बातमी नाही. अमिताव घोष ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ हे पुस्तक लिहीत असताना मुंबईला असलेल्या वादळाच्या धोक्याविषयी त्यांनी कोलंबिया विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ ॲडम सोबेल यांना विचारले. त्यातून सोबेल यांनी हा विषय हाती घेतला आणि 2019 मध्ये सहकाऱ्यांसह मुंबईच्या चक्रीवादळ-धोक्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्या सहकाऱ्यांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे शास्त्रज्ञही होते. 1882 ची नोंद खोटी आहे हे त्यांनी स्पष्ट मांडले. तरीही ती याद्यांमधून हटायला तयार नाही.

असाच प्रकार कोलकात्याचा. ऑक्टोबर 1737 मधल्या वादळात तीन लाख माणसे मेली असे दोनशेहून अधिक वर्षे लिहिले जात होते. त्या दिवशी भूकंपही झाला होता अशी पुस्ती त्याला जोडलेली असे. भूशास्त्रज्ञ रॉजर बिलहॅम यांनी 1994 मध्ये जुनी कागदपत्रे तपासली. तेव्हाच्या कोलकात्याची वस्तीच मुळी वीस हजारांच्या आसपास होती, आणि कंपनीच्या कागदांत शहरातल्या मृतांचा आकडा तीन हजारांचा निघाला. वादळ खरे होते, नदीत चढलेले पाणीही खरे होते. आकडा मात्र लंडनच्या एका मासिकापर्यंत पोचता पोचता शंभरपट झाला होता.

समुद्राच्या पुराचा धोका मोजायचा तर आपल्याजवळ मागच्या नोंदींखेरीज दुसरे काही नसते, म्हणून या चुका गंभीर आहेत. एक लाखाचा खोटा आकडा हिशेबात धरला तर सगळे गणित बिघडते. पण त्याहून मोठे नुकसान वेगळे आहे. खोटे वादळ प्रसिद्ध होते आणि खरी वादळे त्याच्या सावलीत विसरली जातात. नोव्हेंबर 1783 मध्ये या किनाऱ्यावर आलेल्या वादळाने मुंबई बंदरात शेकडो माणसे घेतली. 1 नोव्हेंबर 1854 च्या रात्री काही तासांत शहराची दैना झाली. मृतांचा आकडा हजाराच्या घरात दिला जातो. स्वातंत्र्यानंतर एका वर्षाने, 22 नोव्हेंबर 1948 ला चक्रीवादळ थेट मुंबईवर आले. तेव्हा मृत आणि बेपत्ता मिळून आकडा शंभराच्या आत राहिला, पण आज त्याच मार्गाने तेवढेच वादळ आले तर काय होईल, हा प्रश्न मुंबईकराला सहसा पडत नाही. ‘मुंबईला चक्रीवादळ येत नाही’ असे ठामपणे सांगणारी शिकलेली माणसे मला वारंवार भेटतात. त्यांतल्या बहुतेकांनी 2005 चा पाऊस पाहिलेला असतो. 1948 किंवा 1854 ही साले त्यांच्या कानावरही आलेली नसतात.

वादळात माणसे मरतात ती वाऱ्याने कमी आणि पाण्याने अधिक. वादळाच्या पोटात हवेचा दाब उतरतो. दाब एक हेक्टोपास्कल उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर फुगतो. हा भाग किरकोळ. खरा जोर वाऱ्याचा. उथळ समुद्रावरून किनाऱ्याकडे वाहणारा वारा पाणी पुढे रेटतो आणि त्या पाण्याला खालून परत जायला वाव नसतो, म्हणून ते किनाऱ्याशी चढते. यालाच वादळी लाट म्हणतात. प्रत्यक्षात अख्ख्या समुद्राची पातळीच काही तास वर उचललेली असते. मुंबईसमोरचा उथळ सागरी मंच दोनशे किलोमीटरहून अधिक रुंद आहे, म्हणजे पाणी रेटायला वाऱ्याला भरपूर मैदान आहे. त्यात भरती-ओहोटीची भर. उधाणाच्या दिवशी मुंबईत पाण्याच्या चढउतारात चार मीटरहून अधिक अंतर पडते. म्हणून तेच वादळ भरतीला आले तर एक, आणि ओहोटीला आले तर दुसरे.

निसर्ग वादळाचेच पाहा. 3 जून 2020 ला ते रायगड जिल्ह्यात दुपारी एकच्या सुमारास किनाऱ्याला लागले. दोन दिवसांवर वटपौर्णिमा होती, म्हणजे उधाणाचे दिवस. भरतीची वेळ काढायला कोकणात जुना हिशेब आहे: तिथीच्या पाऊणपट जेवढे येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. त्या दिवशी सकाळी द्वादशी संपून त्रयोदशी लागली. पाऊणपट केले की नऊ ते पावणेदहा. वादळ टेकले तेव्हा भरती ओसरून तीनेक तास झाले होते. श्रीवर्धन-मुरुडच्या वाड्यांतल्या पोफळी आणि माड उभेच्या उभे आडवे झाले, घरांची छपरे गेली. पण हेच वादळ सकाळच्या भरतीत येते तर हानीचा मोठा भाग पाण्याने केला असता. 1882 च्या खोट्या कथेपेक्षा 2020 मधले हे तीन तास किनाऱ्याच्या धोक्याबद्दल कितीतरी अधिक सांगतात.

तीनशे वर्षांत एकदाच येणाऱ्या पाण्याची उंची किती असेल, हे पन्नास-शंभर वर्षांच्या नोंदींवरून काढता येते का? हा प्रश्न सर्वांत गंभीरपणे हाताळला तो डच लोकांनी. पी. जे. वेमेल्सफेल्डर या अभियंत्याने हुक ऑफ हॉलंड येथील 1888 ते 1937 या पन्नास वर्षांच्या पाणीपातळीच्या नोंदी घेतल्या आणि कुठली पातळी किती वेळा ओलांडली गेली याचा आलेख 1939 मध्ये मांडला. पुढे 31 जानेवारी 1953 च्या रात्री उत्तर समुद्र खवळला. नेदरलँड्समध्ये 1,836 आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर 307 माणसे गेली. हुक ऑफ हॉलंडला पाणी प्रमाण पातळीच्या 3.85 मीटर वर चढले होते. त्यानंतर डेल्टा आयोग नेमला गेला आणि गणिती डेव्हिड फान डान्ट्झिग यांनी त्याच नोंदींवरून हिशेब केला. दहा हजार वर्षांत एकदा येईल असे पाणी पाच मीटरचे, त्यालाही बांध टिकला पाहिजे, असे ठरले. आज जग ज्या डच बंधाऱ्यांचे कौतुक करते त्यांची उंची एका बंदरावरच्या माणसांनी न कंटाळता लिहून ठेवलेल्या आकड्यांतून आली आहे.

हुक ऑफ हॉलंडच्या त्या नोंदी 1888 पासूनच्या. मुंबईच्या अपोलो बंदरावर भरतीमापक यंत्र बसले 1878 मध्ये. आपली नोंद त्यांच्याहून दहा वर्षांनी जुनी आहे. हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरच्या सर्वांत लांब नोंदींपैकी ती एक. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले ए. एस. उन्नीकृष्णन आणि डी. शंकर यांनी 2007 मध्ये उत्तर हिंदी महासागराची पातळी वर्षाला सरासरी 1.29 मिलिमीटरने वाढत असल्याचे दाखवले, त्यात मुंबईच्या या नोंदीचा मोठा आधार होता. पण अशा अभ्यासांना महिन्याची किंवा वर्षाची सरासरी पुरते. वादळी लाट काही तासांची असते. महिन्याच्या सरासरीत ती विरून जाते. तिच्यासाठी तासातासाचा आकडा हवा, म्हणजे यंत्राच्या कागदी गुंडाळ्या आणि त्यांवरून उतरवलेल्या वह्या हव्यात. जुनी नोंद जपणे म्हणजे गोषवारा जपणे नव्हे. मूळ कागदच जपावा लागतो, कारण पुढच्या पिढीला त्यातले काय लागेल हे गोषवारा काढणाऱ्याला ठाऊक नसते.

आणि मूळ कागद हाती आला तरी तो वाचणे सोपे नसते. 1906 मध्ये देशात एक प्रमाण वेळ ठरली, पण मुंबईने आपली स्थानिक वेळ 1955 पर्यंत सोडली नाही. दोन्हींत 39 मिनिटांचे अंतर. एखाद्या जुन्या वहीत ‘रात्री दहा’ लिहिले असेल तर ते कुठल्या घड्याळाचे? भरतीच्या हिशेबात 39 मिनिटे फार मोठी असतात. उंचीचेही तेच. मुंबईत पातळी मोजायला टाउन हॉलचा, म्हणजे आज एशियाटिक सोसायटी असलेल्या इमारतीचा संदर्भ घेण्याची पद्धत पडली; बंदराचा संदर्भ वेगळा, सर्व्हे ऑफ इंडियाचा वेगळा. वायुभार पाऱ्याच्या इंचांत, तापमान फॅरनहाइटमध्ये. हे सगळे जुळवणारा माणूस हवामान जाणणारा हवा आणि दप्तरही जाणणारा हवा. अशी माणसे फार थोडी असतात.

कुलाब्याच्या वेधशाळेविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. ईस्ट इंडिया कंपनीने ती 1826 मध्ये उभारली. 1840 च्या सुमारास प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली तिथे एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा पन्नास रुपये पगारावर साहाय्यक म्हणून लागला. त्याचे नाव केरो लक्ष्मण छत्रे. जन्म अलिबागजवळच्या नागावचा. पुढे पुण्यात गणित शिकवणारे, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिणारे, टिळक-आगरकरांचे गुरू केरूनाना ते हेच. काही काळ बाळशास्त्री जांभेकरांकडेही या वेधशाळेचा कारभार होता. आपण केरूनानांना पंचांगसुधारणेसाठी ओळखतो आणि बाळशास्त्रींना ‘दर्पण’साठी. पण रात्री-अपरात्री कंदील घेऊन यंत्रापुढे उभे राहायचे, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, पुन्हा ठरल्या वेळी तेच करायचे, हे काम कुलाब्याच्या अशा साहाय्यकांच्या पिढ्यांनी केले. बहुतेकांची नावे कुठेच नाहीत. त्यांच्या आकड्यांत नाट्य नाही. नव्याण्णव टक्के दिवशी काही घडतच नाही. आणि त्याच नोंदी सर्वांत मोलाच्या आहेत, कारण ‘त्या दिवशी काही घडले नव्हते’ हे सांगणारा साक्षीदार दुसरा कुणी नसतो. वादळ आले की पत्रे लिहिली जातात, बातम्या छापल्या जातात, देणग्यांचे ठराव होतात. वादळ न आल्याचा पुरावा फक्त रोजची वही देते.

या वह्यांनी किती वर्षांनी काय द्यावे, याचा एक दाखला कुलाब्याचाच आहे. तिथे हवामानाबरोबर पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही नोंद होत असे. सप्टेंबर 1859 च्या आरंभी सूर्यावरच्या प्रचंड उद्रेकाने पृथ्वीवर चुंबकीय वादळ आले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली आणि अनेक ठिकाणी मोजण्याची यंत्रे मापाबाहेर गेली. कुलाब्यात आकडा लिहिला गेला. एन. ए. एफ. मूस या पहिल्या भारतीय संचालकांनी 1846 ते 1905 पर्यंतच्या चुंबकीय नोंदी संकलित करून 1910 मध्ये छापल्या. ट्रामसाठी वीज येणार म्हणून 1904 मध्ये चुंबकीय विभाग अलिबागला हलवला होता, पण कागद टिकले. 2003 मध्ये मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले जी. एस. लाखिना आणि शोभना ॲलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसह ते पुन्हा काढले आणि त्या वादळाची तीव्रता 144 वर्षांनी मोजली. आज जगभर विजेच्या जाळ्यांच्या आणि उपग्रहांच्या सुरक्षेची चर्चा होते तेव्हा कुलाब्याच्या त्या आकड्यांचा उल्लेख होतोच. ते लिहिणाऱ्याला वीज-जाळे किंवा उपग्रह माहीत असणे शक्यच नव्हते.

बंगालच्या उपसागराची कथा अधिक दुःखाची आणि अधिक परिचित आहे, म्हणून थोडक्यात. 5 ऑक्टोबर 1864 ला कोलकात्यावर आलेल्या वादळाची लाट हुगळीतून वर चढली आणि साठ हजारांच्या आसपास माणसे दगावली. गॅस्ट्रेल आणि हेन्री ब्लॅनफर्ड यांनी जहाजांची लॉगबुके, बंदरांच्या वह्या, निळीच्या कोठीवाल्यांच्या नोंदी गोळा करून त्या वादळाचा अहवाल लिहिला. 1875 मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले तेव्हा त्याचे पहिले प्रमुख झाले हेच ब्लॅनफर्ड. पुढल्याच वर्षी बाकरगंजचे वादळ आले आणि बुडून व नंतरच्या रोगराईने मिळून दोनेक लाख गेले. खाते आधी कोलकात्यात, मग सिमल्यात, आणि 1928 मध्ये पुण्यात आले. शिवाजीनगरच्या चौकाला ‘सिमला ऑफिस’ म्हणणाऱ्या पुणेकरांपैकी किती जणांना ठाऊक असेल की देशाच्या हवामानाचे दप्तर सिमल्याहून इथे उतरले म्हणून ते नाव पडले? राष्ट्रीय हवामान विदा केंद्र आजही पुण्यातच आहे.

खात्याच्या संगणकीय वादळ-नकाशासंग्रहात चक्रीवादळांचे मार्ग 1891 पासून मिळतात. हा संग्रह मोलाचा आहे, पण त्यातल्या पहिल्या सत्तर वर्षांकडे जपून पाहिले पाहिजे. उपग्रह येण्याआधी भर समुद्रातले वादळ कळायचे ते फक्त त्यात सापडलेल्या जहाजाला. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला आणि अरबी समुद्रातल्या जहाजांच्या वाटाच बदलल्या. महायुद्धात जहाजांचे हवामान संदेश गुप्त झाले. नकाशावर एखाद्या दशकात वादळे कमी दिसली तर ती खरोखर कमी होती की पाहायला कुणी नव्हते, हे ठरवल्याशिवाय ‘अरबी समुद्रातली वादळे वाढली’ हे विधान किती जोरात करायचे ते ठरत नाही. 2019 पासूनची क्यार, निसर्ग, तौते ही मालिका पाहता ती वाढत आहेत असे मलाही वाटते, आणि समुद्र तापत असल्याचा पुरावा भक्कम आहे. पण शंभर वर्षांपूर्वीचा आधार जितका पक्का तितकेच आजचे विधान पक्के होणार.

हा आधार पक्का करण्याचे काम जगात जोरात चालू आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची 1789 ते 1834 या काळातली सुमारे नऊशे लॉगबुके ब्रिटिश लायब्ररीतून वाचून काढली गेली. त्यांत मुंबई, मद्रास, कोलकाता या फेऱ्यांतले वारे आणि वायुभार आहेत. रीडिंग विद्यापीठाचे एड हॉकिन्स यांनी 2020 च्या टाळेबंदीत लोकांना जुने पर्जन्यतक्ते टंकून देण्याचे आवाहन केले. सोळा हजार स्वयंसेवकांनी पासष्ट हजार पानांवरचे बावन्न लाख आकडे उतरवले. त्याच चमूने फेब्रुवारी 1903 मध्ये आयर्लंड-ब्रिटनवर आलेल्या वादळाच्या विसरलेल्या हस्तलिखित नोंदी संगणकाच्या हवामान-प्रतिकृतीत घातल्या, तेव्हा त्या भागातले वारे आधुनिक काळातल्या बहुतेक वादळांपेक्षा जोरदार होते असे दिसले. त्या किनाऱ्यावरची जोखीम अलीकडच्या सत्तर वर्षांवरून काढली होती. एका जुन्या वादळाने ती वर सरकवली. 1854 आणि 1948 ची मुंबईची वादळे अशीच पुन्हा उभी करता येतील. त्यासाठी कुलाब्याच्या तासातासाच्या वह्या, बंदरातल्या जहाजांची लॉगबुके आणि कोकण-गुजरात किनाऱ्यावरच्या नोंदी एकत्र याव्या लागतील.

यंत्राबाहेरच्या नोंदीही कमी नाहीत. जॉर्ज ॲडमसन आणि डेव्हिड नॅश यांनी मुंबईची वर्तमानपत्रे, खासगी रोजनिश्या, सरकारी पत्रव्यवहार चाळून पश्चिम भारतातल्या 1781 ते 1860 या काळातल्या मोसमी पावसाचा क्रम लावला. हे बहुतेक काम इंग्रजी कागदांवर झाले. मोडी कागद जवळजवळ तसेच पडून आहेत, आणि समुद्राच्या पुराच्या दृष्टीने ते विशेष महत्त्वाचे आहेत. पेण, अलिबाग, ठाणे या पट्ट्यात खाडीला बांध घालून खारी जमीन भातासाठी काढलेली आहे. शिलोत्री जमिनीची जुनी व्यवस्था याच बांधांवर उभी होती. उधाणाला बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढची दोन-तीन वर्षे भात होत नाही. मग सारामाफीचा अर्ज येतो, पाहणी होते, दुरुस्तीचा खर्च लिहिला जातो. समुद्र केव्हा आणि कुठवर आत आला याची ही नोंद आहे, फक्त ती हवामानाच्या नावाने ठेवलेली नाही. दप्तरांतल्या रुमालांत ती महसुलाच्या नावाखाली बांधलेली असणार.

या कागदांची एक सोय कुणाच्या लक्षात येत नाही. त्यांवर तारीख इंग्रजी नसते, तिथी असते. ‘कार्तिक वद्य अमावास्या’ असे वाचले की तो दिवस उधाणाचा होता हे तिथल्या तिथे कळते. अष्टमी असेल तर भांगाचा, म्हणजे पाणी मुळात कमी चढायचे. अष्टमीला खांड पडली असेल तर ती नुसत्या भरतीने पडलेली नसते, तिच्यामागे वादळ असण्याची शक्यता मोठी. मोडी वाचणारे आज मुख्यतः राजकीय इतिहास आणि जमिनीच्या दाव्यांसाठी कागद उघडतात. त्यांतल्या चार जणांनी कुलाबा आणि ठाणे प्रांताचे खारबांधाचे रुमाल या नजरेने पाहिले तर अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या समुद्राच्या पुरांची यादी तयार होऊ शकेल, आणि ती जगातल्या कुठल्याही संशोधकाला आपल्या मदतीशिवाय करता येणार नाही.

घाई आहे ती कागदाच्या वयामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला यंत्रावर बनलेला कागद आम्लामुळे तांबूस होऊन तुटतो. त्याआधीचा चिंध्यांचा कागद उलट अधिक टिकतो. मुंबईच्या दमट हवेत बुरशी, कसर आणि वाळवी आपले काम करतात. छायाचित्रे काढून ठेवली की काम झाले, असेही नाही. चित्रातला आकडा कुणी टंकल्याशिवाय तो हिशेबात येत नाही, आणि संगणकाच्या साठवणीचे प्रकार कागदापेक्षा लवकर जुने होतात. आजच्या स्वयंचलित केंद्रांचेही तसेच आहे. वीज जाते, मनोरा पडतो, आणि वादळाच्या ऐन जोरातल्या तासांचा आकडाच हरवतो. कंदील घेऊन उभा असलेला साहाय्यक आता तिथे नसतो.

म्हणून सध्याच्या वादळांची नोंद गावातच व्हायला हवी. इंग्लंडमध्ये किंग्ज लिन गावाच्या जुन्या चर्चच्या दाराशी 1953, 1978, 2013 अशा सालांच्या पुरांच्या पातळ्या दगडावर कोरलेल्या आहेत. आपल्याकडे वादळानंतर तलाठी पंचनामा करतो. त्यात पडलेली झाडे, फुटलेली कौले, बुडालेली होडी यांचा हिशेब येतो. पाणी घराच्या कितव्या पायरीपर्यंत चढले, किती वाजता चढले आणि तिथी कोणती होती, एवढे तीन रकाने त्या छापील अर्जात वाढवले तर खर्च काहीच नाही, आणि रेवदंड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या प्रत्येक बंदरगावाची नोंद पहिल्याच वादळात सुरू होईल.